ॲशफील्डच्या टाळ्या

जीप गावाच्या खालच्या अंगाला वळली तेव्हा आम्ही जेवत होतो. कर्णा आधी खरखरला, मग एक भरदार पुरुषी आवाज माडांच्या शेंड्यांवरून घरात शिरला. "तुमच्या गावाला नळाचं पाणी! तुमच्या गावाला दवाखाना! आणि तुमच्या गावातल्या प्रत्येक शिकलेल्या मुलाला काम!"

त्यावर टाळ्या झाल्या. टाळ्या कसल्या, लाटच आली. शिट्ट्या, आरोळ्या, पाय आपटल्याचा दणदणाट. ती ओसरली तसा दुसराच एक हसरा आवाज म्हणाला, "बंधूंनो, हे आहे नांदखोल! जनसुनावणीत नांदखोलनं कंपनीचं असं स्वागत केलं. आता बघू या करंजई काय करते!"

मामांचा हात ताटातच राहिला.

"एक टाळी वाजली नाय," ते म्हणाले. "आईच्यान सांगतो, एक टाळी वाजली नाय."

"मग हे काय पाऊस पडला?" मामी भात वाढता वाढता म्हणाली.

"तू होतीस काय थय?"

"मी कशी असेन? तुम्हीच बोललात, बायकांनी यायचं नाय. बायकांच्यानं गप्प बसवत नाय."

माझे मामा, सखाराम शिगवण, हे नांदखोलचे गावकर. गावात काही ठरवायचं तर देवळात गावकी बसते, आणि गावकीत शेवटचा शब्द त्यांचा. खाडीच्या काठावर रसायनांचा कारखाना काढायला एक कंपनी आली होती. सरकारी नियमाप्रमाणे गावातच जनसुनावणी झाली. गावकीनं ठरवलं होतं की सुनावणीला सगळ्या पुरुषांनी जायचं, पण बोलायचं नाही. हो नाही, नाही नाही. मेल्या माणसापुढं कोण किती वेळ बोलेल, असं मामांचं म्हणणं. आणि खरंच, साहेब बोलून बोलून घामाघूम झाला, तरी समोरून हूं की चूं झालं नाही. ही हकीकत मामांनी मला आल्या दिवशी दोनदा सांगितली होती. बी.एस्सी.चा निकाल लागून मी आठवडाभर मामांकडे राहायला आले होते.

"बाय, जेव गो," मामी म्हणाली. "निवतोय भात."

पण जीप परत फिरली होती आणि कर्णा पुन्हा तेच बोलत होता. पाणी, दवाखाना, काम. लाट उठली. त्या लाटेच्या अगदी माथ्यावर कुणीतरी शिट्टी मारली, दोन तोकड्या आणि एक लांब. मग काचेची बाटली पडून फुटली आणि एक बाई खळखळून हसली.

मी उठून कुंपणाशी गेले. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की एकदा दिसलं तर तो योगायोग, पुन्हा दिसलं तर नोंद घ्यायची. जीप तिसऱ्यांदा बोलली. शिट्टी, बाटली, बाई. त्याच क्रमानं, तेवढ्याच अंतरानं.

ती बाई मला माहीत होती. नांदखोलची नव्हती ती. अमेरिकेतली होती.

डीन कॅलोवे नावाचा एक अमेरिकन गायक आणि त्याचा 'द टिन हार्बर' नावाचा बँड, यांचा 'टू नाइट्स इन ॲशफील्ड' हा अल्बम त्या वर्षांत जगभर तुफान खपला होता. ॲशफील्ड नावाच्या गावाबाहेरच्या मैदानात दोन रात्री कार्यक्रम झाला, त्याचं हे रेकॉर्डिंग. चिपळूणला तो अल्बम दुकानात यायचा नाही. पण बाजारपेठेत नितीन ओतारींचं कॅसेट रेकॉर्डिंगचं दुकान होतं. त्यांच्याकडे कुठून तरी मूळ कॅसेट आली होती, आणि कोरी कॅसेट नेऊन दिली की ते उतरवून द्यायचे. परीक्षेच्या दिवसांत मी ती रोज लावायची. तिसऱ्या गाण्यात ढोल थांबतात, गिटार एकटीच वाजत राहते आणि मग कॅलोवे नुसता श्वास घेतो. त्या श्वासावर मैदान पेटतं. तिथंच ती शिट्टी आहे. ती बाई कशाला हसली असेल, बाटली तिचीच होती का, असले विचार मी ऑप्टिक्सचं पुस्तक उघडं टाकून करत बसायची. इतक्या लांबची माणसं एका श्वासासाठी अशी वेडी होतात, याचं मला फार अप्रूप होतं.

बऱ्याच वर्षांनी त्या अल्बमच्या ध्वनिमुद्रकाची एक मुलाखत वाचनात आली. दुसऱ्या रात्री गर्दी कमी होती, म्हणून पहिल्या रात्रीचा जल्लोष त्यानं जागोजागी चढवला होता म्हणे. तेव्हा त्या टाळ्या नक्की कुठल्या गाण्याला पडल्या होत्या ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

संध्याकाळी मामांच्या अंगणात माणसं जमली. शेजारच्या करंजई गावाहून निरोप आला होता, "टाळ्या वाजवून गाव विकलात, आता आमच्या दारात येऊ नका." मोरेश्वर डिंगणकर म्हणून मामांच्या बरोबरीचे एक गृहस्थ होते. बोलायला तिखट.

"पुढं आम्ही होतो, आम्ही नाय वाजवली," ते म्हणाले. "कर्ण्यात आवाज आला म्हणजे कोणीतरी वाजवली. मागच्या रांगेत कोण होता? दत्ताराम होता."

दत्ताराम गोरिवले पायरीशी उकिडवे बसले होते. "मी कशाला वाजवू?"

"ते तूच सांग. कर्णा खोटं बोलेल काय? यंत्राला काय लाच दिली?"

"मोरू, मी हात असे मांडीखाली घेऊन बसलो होतो."

"मग तुझा भाऊ."

तासभर हेच चाललं. उद्या देवळात गावकी बसवायची, देवीसमोर प्रत्येकानं शपथ घ्यायची आणि जो सापडेल त्याचं घर वाळीत टाकायचं, असं ठरत आलं. वाळीत म्हणजे त्याच्या घरी कुणी पाणी प्यायचं नाही, त्याच्या मयताला खांदा द्यायचा नाही. मग दत्ताराम एकदम म्हणाले, "मच्छर मारला होता मी एक. हातावर. तेव्हा वाजली असेल."

कुणी हसलं नाही. मामांनी मान हलवली, जणू काही कबुली मिळाली. दत्ताराम आपले दोन जाड हात उलटसुलट करून बघायला लागले. मी मामांना म्हटलं, "उद्याची गावकी परवावर टाका. मी चिपळूणला जाऊन येते."

"ओतारीदादा, नांदखोलची कॅसेट तुम्ही केलीत?" दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानात शिरल्या शिरल्या विचारलं.

"ती सुनावणीची? ऐकलीस? कशी झालीय?" ओतारींचा चेहरा उजळला. टेबलावर वर्तमानपत्रात कांदाभजी होती. एक भजं तोंडात टाकून त्यांनी दुसरं माझ्याकडे सरकवलं.

"लोकांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या."

"म्हणून तर काम माझ्याकडे आलं!" ते मनापासून हसले. "अगं, मूळ टेप ऐकायला हवी होतीस. मसणात माइक लावल्यासारखी. साहेब बोलतोय, बोलतोय, आणि मागे एक कोंबडा. तेवढा एक कोंबडा दाद देत होता बिचारा. कंपनीचा माणूस म्हणाला, जरा जीव आण त्यात. मी आधी कीर्तनातल्या टाळ्या टाकून बघितल्या. त्या ठेक्यात पडतात, साहेब अभंग म्हणतोय असं वाटायला लागलं. मग नाट्यस्पर्धेतल्या टाकल्या, त्या फार सभ्य. मग म्हटलं, अरे, आपला कॅलोवे आहे की! मैदानातल्या टाळ्या. मागे भिंत नाही, घुमत नाहीत. सुनावणीही उघड्यावर, मांडवातच झालेली. अशा चपखल बसल्या, ऐक."

त्यांनी भज्यांचं तेल बोटांवरून चाटून घेतलं आणि त्याच बोटांनी कॅसेट आत सरकवली. साहेब 'काम' म्हणाला आणि मैदान उठलं. ओतारींनी डोळे मिटून टेबलावर ताल धरला. शिट्टी आली तेव्हा त्यांच्या ओठांचाही चंबू झाला.

"'काम'चा 'म' संपता संपता उठवलंय बघ पब्लिक. त्यासाठी अख्खी दुपार गेली."

"त्या गावात एका माणसाला वाळीत टाकणार आहेत. टाळ्या वाजवल्या म्हणून."

"अरेरे," ते म्हणाले आणि खरंच क्षणभर वाईट वाटल्यासारखे दिसले. मग म्हणाले, "अडाणीपणा आहे गं सगळा."

"तुम्हाला काही वाटत नाही?"

"काय वाटायचं? लग्नाच्या कॅसेटमध्ये मी सनई घालतो, तेव्हा विचारायला येतेस का, हा वाजवणारा लग्नाला जेवून गेला होता का म्हणून?"

"मूळ कॅसेट कुठे आहे?"

"ती साहेबांनी नेली. पण ही हवी तर घेऊन जा, जीपसाठी काढल्या त्यातली एक उरलीय. अगं, भजं तरी खा."

मी कॅसेट घेतली, घरून माझी ॲशफील्डची कॅसेट, एक कोरी कॅसेट आणि टेपरेकॉर्डर घेतला आणि परतीची एस.टी. पकडली.

एस.टी.त मला आणखी एक गोष्ट उमगली, आणि ती दत्तारामांच्या हातांपेक्षा वाईट होती. टेपवरच्या आवाजात दुसरा आवाज मिसळता येतो, पण मिसळलेला आवाज निवडून बाहेर काढता येत नाही. निदान तेव्हाच्या ओतारींच्या यंत्रांवर तरी नाहीच. सुनावणीत एक जरी माणूस मोठ्यानं 'नको' म्हणाला असता, तरी त्या 'नको'वर कितीही टाळ्या ओतल्या तरी तो खालून ऐकू आला असता. पण गाव गप्प बसलं होतं. शांतता टेपवर उमटत नाही. ती म्हणजे नुसती मोकळी जागा, आणि नांदखोलनं ती ओतारींना झाडूनपुसून दिली होती.

गावकीत बाई बसत नाही. मी पाहुणी आणि शिकलेली, म्हणून मला देवळाच्या पायरीवर उभं राहायची परवानगी मिळाली. मामी आणि आणखी काही बायका खाली जोत्याशी होत्या. मी टेपरेकॉर्डर पायरीवर ठेवला. आधी ओतारींची कॅसेट लावली. शिट्टी, बाटली, बाई. मग काढून माझी लावली. कॅलोवे गायला लागला तशी माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"हा कोण रडतोय?" कुणीतरी विचारलं.

"थांबा," मी म्हटलं.

ढोल थांबले. गिटार. श्वास. आणि लाट उठली. शिट्टी. बाटली. बाई.

मी परत मागे नेऊन लावलं. मग पुन्हा ओतारींची. पोरांसारखी ती माणसं पुढं सरकून ऐकत होती. तिसऱ्या वेळी बाटली फुटायच्या आधीच एक म्हातारा म्हणाला, "आता फुटली!" आणि सगळं देऊळ हसायला लागलं.

"म्हणजे अमेरिकेतनं टाळ्या मागवल्या आपल्यासाठी!" डिंगणकर म्हणाले. "दत्ताराम, लेका, सुटलास! तुझा मच्छर वाया गेला."

दत्ताराम हसले नाहीत. ते उठून देवळाबाहेर गेले आणि पाठमोरे उभे राहिले. डिंगणकरांनी त्यांची माफी मागितली नाही, दुसऱ्या कुणीही नाही. तंबाखूची पुडी मात्र फिरली.

हसू विरलं तसे मामा माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं. "बाय, तू हुशार हायस. त्या ओतारीची नि तुझी वळख हाय. आता असं कर. त्या टाळ्या काढ आणि त्या जागी आमचा 'नको' घाल. सगळ्या गावाचा. चांगला दणदणीत. ती कॅसेट आपण करंजईला वाजवू."

"पण मामा, तुम्ही 'नको' म्हणाला नव्हता."

"मनात म्हणत होतो."

"मनातलं टेपवर येत नाही."

"म्हणून तर तुला सांगतोय."

ओतारींनी निदान दुसऱ्याच्या टाळ्या वापरल्या होत्या. मामा मला त्यांचा स्वतःचाच आवाज खोटा बनवायला सांगत होते.

"खोटं मी घालणार नाही," मी म्हटलं. "पण ही कोरी कॅसेट आहे. आज बोला. आजची तारीख सांगायची, आपलं पूर्ण नाव सांगायचं आणि कारखाना नको असेल तर 'नको' म्हणायचं. हे खरं असेल. यावर कुणी काही चढवलं तरी खाली ते ऐकू येईल."

मी बटण दाबलं. चकत्या फिरायला लागल्या.

"नाव कशाला?" डिंगणकर म्हणाले.

"सगळ्यांचा मिळून घे ना," मागून कुणीतरी.

"मिळून नाही. एकेकाचा."

"आधी गावकर बोलूदे."

मामा उठले. पायरीशी आले. घसा साफ केला. "मी सखाराम..." म्हणाले आणि थांबले. टेपरेकॉर्डरकडे बघत उभे राहिले, जनावर अंगावर येईल की काय अशा अंदाजानं बघतात तसे. देवळात कुणी हललं नाही. डिंगणकर छताकडे बघत होते. मला वाटलं, यांना यंत्राची भीती वाटते. शहरातल्या माणसाला गावातल्या माणसांबद्दल जे जे वाटतं ते सगळं मला त्या मिनिटात वाटून गेलं.

"जरा बंद कर," मामा हळूच म्हणाले.

"कसा बोलतील ते?" खालून मामीचा आवाज आला. "आमच्या पोराचा, अनंताचा, अर्ज दिलाय त्यांनी कंपनीत. सुनावणीच्या आधीच. डिंगणकरांनी थोरल्याचा दिलाय. कोणाकोणाचा गेलाय ते सांगत बसले तर तुझी कॅसेट पुरायची नाय गो."

"सुलोचना!" मामा ओरडले.

कुणीही "खोटं आहे" म्हणालं नाही. माणसं खाली बघत होती, एकमेकांकडे मात्र बघत नव्हती. मग मला ती सुनावणी दिसली, मी तिथं नसूनही दिसली. ज्यांना कारखाना नको होता ते गप्प बसले होते. ज्यांना मुलासाठी नोकरी हवी होती तेही गप्प बसले होते. दोघांना एकाच सतरंजीवर शेजारी शेजारी बसता यावं म्हणून गावकीनं ती युक्ती काढली होती. एकमेकांची लबाडी त्यांना आधीपासून माहीत होती, आणि तरी टाळीसाठी दत्तारामला वाळीत टाकायला ते निघाले होते.

मामी पायऱ्या चढून आली. चढू नये अशा ठिकाणी चढताना बाई पदर आवरते तसा तिनं आवरला. टेपरेकॉर्डरसमोर बसली.

"कुठं बोलू, बाय? ह्या भोकांत?"

"हो."

"नाव सांगायचं?"

"पूर्ण नाव."

ती थांबली. "घरवाल्याचं पण?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हळदीकुंकवातल्या उखाण्याशिवाय तिनं मामांचं नाव कधी घेतलं नव्हतं. मी मान हलवली.

"मी सुलोचना सखाराम शिगवण," ती म्हणाली. अगदी कोरड्या आवाजात, रेशनच्या दुकानात सांगावं तसं. "माझ्या माहेरी खाडीवर असाच कारखाना आला. तेव्हापासून खाडीतल्या तिसऱ्यांचे शिंपले उघडले की आत मांस नसतं, काळा राप असतो. हाताला लागला की चार दिवस वास जात नाय. माझी आई त्या वासाच्या हातानं जेवली आणि तशीच गेली. मला हिकडं ते नको. अनंताला काम नाय मिळालं तरी नको." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "तारीख राहिली."

मी तारीख सांगितली. तिनं ती माझ्यामागून म्हटली.

"पूस ते," मामा म्हणाले.

मी बटण बंद केलं.

"पूस म्हणतो ना! बाईचं बोलणं गावकीत धरत नाय. उद्या हे करंजईत वाजलं तर अनंताचं काय? गावकराचीच बायको म्हटल्यावर माझं काय? हेच्यावर दुसरं काय ते भर."

"पूस गो, पोरी," डिंगणकर म्हणाले, अगदी गोड आवाजात. "घरातलं भांडण कशाला यंत्रात?"

मामांचा हात टेपरेकॉर्डरकडे आला. त्याआधी मी कॅसेट काढून घेतली होती. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन बारीक पट्ट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. भोकांवर चिकटपट्टी लावली तर येतं, पण ते त्यांना माहीत नव्हतं आणि मी सांगणार नव्हते. नखानं पट्टी निघेना, म्हणून मी कॅसेट तोंडाशी नेऊन सुळ्यानं दाबली. पहिली तुटली. मग दुसरी.

"काय केलंस?" मामांनी विचारलं.

"आता हे पुसता येणार नाही," मी म्हटलं, आणि तोंडात आलेले प्लास्टिकचे तुकडे देवळाच्या पायरीवर, गावकीसमोर, थुंकून टाकले.